खाडीच्या नकाशावर आपलाही ठिपका

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो आणि मामूंचे एकामागून एक तीन व्हिडिओ फोनवर आले. खाडीच्या काठाला मेलेल्या माशांचा थर लागला होता. बोय, कोळंबी, मधूनच एखादा मोठा जिताडा. पाण्याचा रंग चहासारखा. मागून मामूंचा आवाज येत होता, "बघ, काय करून ठेवलंय बघ." चाळीस वर्षं त्या खाडीत जाळं टाकलेला माणूस यापेक्षा जास्त काही बोलू शकला नाही.

मी त्याच रात्री संबंधित कार्यालयाला ई-मेल केला. व्हिडिओ जोडले. उत्तरात तीन प्रश्न आले: नेमकी जागा कोणती, वेळ काय होती, त्या वेळी भरती होती की ओहोटी? मी मामूंना फोन लावला. जागा म्हणजे "वडाच्या खाली, जुन्या धक्क्याच्या अलीकडे". वेळ "सकाळची, नमाजनंतर". तिसऱ्या दिवशी अधिकारी गावात आले. तोवर चार ओहोट्या होऊन गेल्या होत्या. पाणी स्वच्छ दिसत होतं, मासे घारी-कावळ्यांनी संपवले होते. कागदावर शेरा पडला, 'पाहणीच्या वेळी पाणी सामान्य आढळले.'

मला राग आला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या अधिकाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. तो आला तेव्हा पाणी खरंच सामान्य होतं. जमिनीवरचा कचरा दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. खाडीतला पुरावा मात्र समुद्र दिवसातून दोनदा धुऊन नेतो. आपल्याकडे दुःख होतं, साक्षीदार होते, व्हिडिओही होते. 'कुठे आणि कधी' एवढं मात्र नव्हतं. आणि प्रदूषणाच्या तक्रारीत बाकी सगळं असून हे दोन शब्द नसतील, तर हातात काहीच नसतं.

या महिन्याचं संपादकीय त्या दोन शब्दांबद्दल आहे.

हा आपला प्रश्न का?

कोकणपट्टीत मुसलमान फक्त व्यापारात आणि आखातातल्या नोकऱ्यांत नाहीत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे दालदी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत. खाड्यांच्या काठी कोळी, खारवी, भोई आणि मुसलमान मच्छीमारांच्या वस्त्या एकमेकांना लागून आहेत. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या मागे देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे आणि त्याच्या मागे ठाण्याची खाडी. मुंब्रा खाडीकाठीच वसलं आहे. म्हणजे नोकरी शोधत शहरात गेलो तरी घाण पाण्याचा शेजार सुटलेला नाही.

दाभोळच्या खाडीचं उदाहरण सर्वांना माहीत असायला हवं. खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी आणि खाडीतली घटती मासळी यांवरून तिथल्या मच्छीमारांचा संघर्ष कित्येक वर्षांचा आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या भागाची दखल घेतली. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला येणारं पाणी पेलत नाही, खाडीतली मासळी घटली आहे आणि मच्छीमारांचा रोजगार बुडाला आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्याच अहवालात नकाशाचीही एक गोष्ट आहे. कोणते उद्योग कुठे असावेत आणि कुठे नसावेत हे पर्यावरणाच्या दृष्टीने दाखवणारा रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशासंच सरकारी यंत्रणेने तयार करून घेतला होता. पण तो लोकांपुढे येऊच दिला नाही, असा ठपका समितीने ठेवला.

यातून एक समजून घ्यावं. नकाशा निरुपद्रवी कागद असता, तर तो कपाटात ठेवण्याचं कुणाला कारणच नव्हतं.

महाडच्या उद्योगांचं सांडपाणी आणि सावित्रीची खाडी, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि पालघरचा किनारा, ही त्याच प्रश्नाची पुढची नावं. तारापूरच्या प्रश्नावर मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. मच्छीमार समाज संघटित होऊन कायद्याच्या भाषेत बोलू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं आहे. त्या भाषेचं व्याकरण म्हणजे जागा, तारीख आणि मोजमाप.

मिनामाताने शिकवलेलं

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. एकाच जागेबद्दलची वेगवेगळी माहिती पारदर्शक कागदांसारखी एकमेकांवर ठेवायची आणि वरून बघायचं. एका कागदावर खाडी, दुसऱ्यावर नाले, तिसऱ्यावर कारखाने, चौथ्यावर मेलेले मासे दिसले ती ठिकाणं. सुटे असताना जे दिसत नाही, ते एकत्र ठेवल्यावर दिसतं. हे काम संगणकाच्या आधीही माणसांनी केलेलं आहे.

जपानमधलं मिनामाता हे मच्छीमारांचं गाव. १ मे १९५६ रोजी तिथल्या एका विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणं, बोलणं अडखळणं, नजर अरुंद होत जाणं. मांजरंसुद्धा झटके येऊन मरत होती. रुग्ण बहुतेक मच्छीमार कुटुंबांतले. संशय चिस्सो या कंपनीच्या रासायनिक कारखान्यावर होता. कंपनी म्हणत होती, पुरावा काय?

फेब्रुवारी १९५९ मध्ये खाडीतल्या गाळात पारा किती आहे याची जागोजागी तपासणी झाली. कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी टनभर गाळात दोन किलोपेक्षा जास्त पारा सापडला आणि तिथून लांब जावं तसतसा तो कमी होत गेला. याच्या आधी, सप्टेंबर १९५८ मध्ये, कंपनीने सांडपाण्याचं तोंड बंदरातून हलवून मिनामाता नदीच्या मुखाशी नेलं होतं. त्यानंतर काही महिन्यांत नदीमुखाजवळच्या आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या ज्या गावांत आजार नव्हता, तिथे नवे रुग्ण दिसू लागले. पाइप सरकला, आजारही सरकला. नकाशावर याहून स्पष्ट वाक्य लिहिता येणार नाही.

तरीही जपान सरकारने हे कारण अधिकृतपणे मान्य केलं सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे नोंद झाल्यानंतर बारा वर्षांनी. म्हणून एक भाबडी समजूत आधीच काढून टाकू. नकाशा काढला की न्याय मिळतो, असं होत नाही. नकाशाने एवढंच होतं, की 'पुरावा काय' हा प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या वेळी उत्तर द्यावं लागतं.

आम्ही काय केलं

त्या मे महिन्यानंतर मी, माझी मामेबहीण (तेव्हा ती बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला होती) आणि गावातली पाच-सहा मुलंमुली असे आम्ही बसलो. गावाचं आणि खाडीचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. काम अजून चालू आहे आणि त्यात माणसं गुंतलेली आहेत.

लागणारी साधनं ऐकून आमचा आम्हालाच विश्वास बसला नाही. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. फोनमधल्या जीपीएसने जागा काही मीटरच्या फरकाने कळते. पाण्याचा गढूळपणा मोजायला काळ्या-पांढऱ्या रंगाची एक ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ही रीत वापरली आणि अजून ती जगभर वापरात आहे. आमची ताटली मामींच्या जुन्या स्टीलच्या झाकणाची आहे.

चौदा ठिकाणं ठरवली. नाल्यांची तोंडं, दोन धक्के, जाळी लावायच्या जागा आणि तुलनेसाठी खाडीच्या मुखाजवळची दोन स्वच्छ वाटणारी ठिकाणं. या शेवटच्या दोन महत्त्वाच्या. फक्त घाण जागाच मोजल्या, तर सगळी खाडी घाण आहे असंच दिसणार.

प्रत्येक नोंदीत जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचा रंग आणि वास, आणि फोटो. भरतीचं गणित मामूंनी शिकवलं. ते पंचांग बघत नाहीत, चाँद बघतात. चाँद पहिला किंवा चौदावा-पंधरावा असला की उधाण. आठवा किंवा बाविसावा असला की भांग, पाणी थोडंच चढतं आणि थोडंच उतरतं. भरतीची वेळ काढायला त्यांच्याकडे किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट. चौथा दिवस असेल तर तीनच्या सुमारास. इंजिनिअरिंगची चार वर्षं करून मला हे माहीत नव्हतं. आमच्या तक्त्यात आता इंग्रजी तारखेशेजारी हिजरी तारखेचा रकाना आहे आणि तो तिथे शोभेसाठी नाही. ओहोटीला नाल्याचं पाणी खाडीत पसरतं, भरतीला समुद्राचं पाणी ते पातळ करतं. भरतीचा नमुना आणि ओहोटीचा नमुना यांची तुलना करणं म्हणजे भरल्या पोटीची आणि उपाशी पोटीची साखर एकाच रांगेत लिहिणं.

तिसऱ्या आणि कालवं काढायला चिखलात उतरणाऱ्या बायकांशी मामेबहीण बोलली. कुठल्या भागात तिसऱ्या मिळेनाशा झाल्या, कुठे पायाला खाज येते, कुठे गाळ काळा पडला, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी छापील नकाशावर बोट ठेवून दाखवलेल्या जागा हा आमच्या नकाशाचा सगळ्यांत जुना थर आहे, कारण तो वीस वर्षं मागे जातो.

प्रयोगशाळेतल्या तपासण्यांना पैसे लागतात, म्हणून त्या मोजक्याच केल्या. पाण्यातला ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो. बाटली घरी आणेपर्यंत तो बदलतो. मैल्यातले जिवाणू, म्हणजे फीकल कोलिफॉर्म, मोजायचे तर नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवावा लागतो. एक दिवस उलटला तर तो टाकून द्यायचा. आकडे हातात आले की ते कशाशी ताडायचे, हेही ठरलेलं आहे. सागरी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केले आहेत. आंघोळ आणि व्यावसायिक मासेमारी यांच्या वर्गात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि १०० मिलिलिटर पाण्यात फीकल कोलिफॉर्म १०० च्या वर नकोत. 'पाणी खराब आहे' आणि 'या जागी, या ओहोटीला, ऑक्सिजन ४ च्या खाली होता' या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

नकाशा खोटंही बोलतो

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: सुंदर दिसणाऱ्या पडद्यामागे चूक सहज लपते. आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या वाचतील.

पहिल्याच दिवशी आमची सगळी ठिकाणं गायब झाली. शोधली तर ती नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात सापडली. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली होती. कोकणात अक्षांश १६ ते २० च्या दरम्यान आणि रेखांश ७३ च्या आसपास, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अंतरं मीटरमध्ये मोजायची असतील तर आपल्या किनाऱ्यासाठी यूटीएमचा ४३ उत्तर हा पट्टा निवडावा.

दुसरी चूक जास्त धोक्याची. सॉफ्टवेअरला चौदा ठिपके दिले की ते मधली जागा अंदाजाने भरून पूर्ण खाडी लाल-पिवळी-हिरवी रंगवून देतं. चित्र झकास दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, इंचन्‌इंच मोजलं आहे. आमच्या खाडीला मध्ये एक टेकडी आडवी येते. टेकडीच्या दोन बाजूंची ठिकाणं सरळ रेषेत जवळ आहेत, पाण्याच्या वाटेने दोन-अडीच किलोमीटर लांब. सॉफ्टवेअरने टेकडीच्या आरपार घाण पाणी नेलं. तो रंगीत नकाशा आम्ही टाकून दिला. आता जिथे मोजलं तिथेच ठिपका, आणि जिथे मोजलं नाही तिथे कोरं. कोरी जागा बघून लोक विचारतात, "इथलं काय?" तेव्हा 'इथे अजून गेलो नाही' असं सांगायची लाज वाटून घेऊ नये.

तिसरी गोष्ट उपग्रहांची. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. साधारण दर पाच दिवसांनी, १० मीटरच्या बारकाव्याने. अमेरिकेच्या लँडसॅटचा तर १९७२ पासूनचा साठा आहे. त्यात गढूळपणा दिसतो, शेवाळाची वाढ दिसते, खारफुटी किती तुटली ते दिसतं. पण कोलिफॉर्म दिसत नाहीत, पारा दिसत नाही, विरघळलेला ऑक्सिजनही दिसत नाही. दहा मीटर रुंदीचा नाला म्हणजे त्या चित्रातला जेमतेम एक चौकोन. आणि पावसाळ्यात, जेव्हा पावसाच्या आडून सांडपाणी सोडलं जातं अशी तक्रार किनाऱ्यावर सर्रास ऐकू येते, तेव्हा वर ढग असतात. म्हणून उपग्रह हा होडीचा पर्याय नाही. होडी कुठे न्यायची, एवढं तो सांगतो.

मापाचा बारकावा काय करतो, याचं एक सरकारी उदाहरण बघा. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर असं आपण शाळेत शिकलो. अलीकडे जास्त बारकाईच्या नकाशांवरून तो पुन्हा मोजला आणि ११,०९८ किलोमीटर भरला. समुद्र वाढला नाही. आधीच्या मोजणीत न दिसलेली वळणं, खाड्या आणि बेटं या वेळी मोजली गेली. आपलं सगळं आयुष्य अशाच एखाद्या वळणावर जातं. वरून काढलेल्या मोठ्या नकाशात आपला नाला येतच नाही. तो आणायचा तर आपल्यालाच काढावा लागेल.

तो एक ठिपका

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येतो.

पहिल्या सहा महिन्यांचा नकाशा तयार झाला. वरच्या अंगाला, उद्योगांकडून येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी, ऑक्सिजन ओहोटीला वारंवार कमी भरत होता. ते अपेक्षितच होतं. पण कोलिफॉर्मचा सगळ्यांत वाईट आकडा त्या नाल्याशी नव्हता. तो आमच्या मोहल्ल्याच्या खाली, जुन्या धक्क्याजवळ होता. आमच्या घरांचे शौचालयांचे पाइप, काहींच्या भरून वाहणाऱ्या सेप्टिक टाक्या, सगळं एका गटारातून तिथे उतरतं. बकरी ईदनंतरच्या दोन दिवसांत तिथेच आतडी आणि रक्ताचं पाणी जातं, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत होतं. फक्त कुणी त्यावर ठिपका ठेवला नव्हता.

जमातीच्या बैठकीत नकाशा दाखवला, तेव्हा आधी सगळे खूश होते. मग एका बुजुर्गांचं बोट त्या ठिपक्यावर थांबलं. म्हणाले, "बेटा, हा काढून टाक. तुझा नकाशा साहेबांपुढे जाणार. ते म्हणतील, आधी स्वतःची घाण बघा. आणि उद्या पेपरात येईल, मुसलमानांनी खाडी घाण केली."

ही भीती खोटी नाही. आज कुठलाही आकडा संदर्भ कापून, आपल्या नावासकट फिरवला जाऊ शकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी गप्प राहिलो. उत्तर मामूंनी दिलं. म्हणाले, "तो ठिपका काढला, तर वरचा ठिपका खरा आहे हे कोण मानेल?"

बराच वाद झाला. शेवटी ठिपका राहिला. पण त्या वादातून दोन गोष्टी सुधारल्या. एक, आम्ही खाडीकाठच्या सगळ्या वस्त्यांच्या गटारांची तोंडं मोजायला घेतली. कोळीवाडा, बाजारपेठ, भोईवाडी सगळीकडे तीच कथा होती, कारण गावात सांडपाण्याची व्यवस्थाच नाही. कोलिफॉर्मला जात-धर्म नसतो. कोळीवाड्यातली दोन मुलं त्यानंतर आमच्या गटात आली आणि होडी आता त्यांचीच असते. दुसरी, नकाशावर दोन प्रकारचे ठिपके वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवले: मैला एका चिन्हाने, रासायनिक लक्षणं दुसऱ्याने. मैल्यामुळे पोट बिघडतं, कावीळ होते. पण गेल्या मे महिन्यात चहाच्या रंगाचं झालेलं पाणी गटारामुळे झालं, असं म्हणून कुणाला सुटता येऊ नये.

दुसऱ्या वर्षीच्या बकरी ईदला जमातीने कुर्बानीचं टाकाऊ पुरण्यासाठी गावाबाहेर खड्डे खणले. गटाराच्या तोंडाशी ईदनंतर आम्ही पुन्हा मोजलं. आकडा मर्यादेच्या वरच होता, कारण शौचालयांचे पाइप तसेच आहेत. तोही आकडा नकाशावर आहे.

आणि वरच्या नाल्याचं? या वेळी अर्जात चौदा ठिकाणं, तारखा आणि ओहोटीच्या वेळा होत्या. अधिकारी आम्ही सुचवलेल्या ओहोटीला आले आणि आम्ही दाखवलेल्या जागेवरून नमुना घेतला. त्याचा अहवाल अजून आलेला नाही. पण 'पाहणीच्या वेळी पाणी सामान्य' हा शेरा यंदा पडलेला नाही.

कायदा कुठे उपयोगी पडतो

जल प्रदूषण कायदा १९७४ चा आहे. त्याच्या कलम २१ नुसार कायदेशीर नमुना मंडळाचा अधिकारीच घेतो. त्याची रीत, सील, नमुन्याचे दोन भाग हे सगळं ठरलेलं आहे. आपण भरलेली बाटली त्याची जागा घेत नाही, हे आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर निराशा नको. आपल्या नकाशाचं काम अधिकाऱ्याला योग्य जागी योग्य वेळी उभं करणं हे आहे.

त्याच कायद्याचं कलम २५ फारसं कुणी वाचत नाही. उद्योगांना सांडपाणी सोडायला कोणत्या अटींवर संमती दिली, याची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि ज्याच्यावर त्या सांडपाण्याचा परिणाम होतो अशा कुणालाही ती बघता येते. तुमच्या खाडीत उतरणाऱ्या प्रत्येक पाइपला कागदावर किती आणि कसं पाणी सोडायची मुभा आहे, हे बघण्याचा तुमचा हक्क आहे. बघू दिली नाही, तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. संमतीतले आकडे हा तुमच्या नकाशाचा आणखी एक थर होतो.

नकाशाला न्यायालयात वजन मिळालेलं आपल्याच राज्याने पाहिलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीची तोड थांबवली, तेव्हा खारफुटी कुठे आहे हे उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवून नकाशे करायला सांगितलं. त्याआधी 'इथे खारफुटी नव्हतीच' असं म्हणता येत होतं.

एक सावधगिरी मात्र पाळा. मासे मिळायच्या चांगल्या जागा सार्वजनिक नकाशावर टाकू नका. ती मच्छीमाराची कमाई आहे. आणि रात्री पाइप सुटताना कुणी पाहिला, त्याचं नाव तर कधीच टाकू नका. नोंदीत नावाऐवजी क्रमांक ठेवा आणि क्रमांकांची यादी एकाच विश्वासू माणसाकडे राहू द्या.

या महिन्यात करता येईल असं

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्या-मुंबईत किंवा आखातात कुठल्याशा स्क्रीनसमोर बसलेले असतील. गावाकडची बातमी आपल्याला व्हिडिओ म्हणून येते, आपण दुःखी चेहऱ्याचं चिन्ह पाठवतो आणि कामाला लागतो. मीही तेच करत होतो.

पुढच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा एक दिवस खाडीला द्या. ओहोटीची वेळ घरातल्या बुजुर्गांना विचारा. त्यांना बरं वाटेल आणि तुम्हाला बरोबर वेळ कळेल. पाच ठिकाणं निवडा, त्यात एक स्वच्छ असू द्या. फोटो काढताना फोनमधली जागेची नोंद चालू ठेवा. तो फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की ती नोंद पुसली जाते, म्हणून अक्षांश-रेखांश वेगळे लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच जागी, त्याच चाँदला, गावातलं कुणीतरी पुन्हा जाईल असं बघा. सहा महिन्यांनी तुमच्याकडे जे असेल ते कुठल्याही कार्यालयाला 'सामान्य' म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आणि पहिला ठिपका आपल्या घराच्या गटाराचा ठेवा. तो ठेवला की बाकीचे ठेवताना हात कापत नाही.